हाडवळा, सहकार आणि आपण

आमच्या महारवतनाच्या जमिनीचा सातबारा पुढ्यात ठेवून हे लिहितो आहे. निफाड तालुक्यातलं, गोदाकाठचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तुमच्याही गावची गोष्ट हीच असणार. गट एक. भोगवटादाराच्या रकान्यात नावं चौदा. चौदांपैकी अकरा जण मरून गेले. चौदांत बाई एकही नाही. शेरा आहे : महारवतन, वर्ग ६ ब. पिकाच्या रकान्यात द्राक्षं. ती द्राक्षं आमची नाहीत.

पुढच्या महिन्यात भावकीची बैठक आहे. रस्ता रुंद झाला आणि आमच्या हाडवळ्याला भाव आला. प्लॉट पाडणारा दलाल घरोघर फिरतो आहे. कल्याणचे, नाशिकरोडचे भाऊबंद म्हणतात, ‘इकून टाकू, ज्याचा वाटा त्याला.’ मला बोलायला सांगितलं आहे. बोलण्याआधी मी जुने कागद काढले, म्हाताऱ्यांना विचारलं, बाबासाहेब पुन्हा वाचले. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढं ठेवतो. आपल्या पोरांना काळाराम मंदिराची तारीख पाठ आहे, येवल्याची पाठ आहे. जमिनीची एकही तारीख पाठ नाही. हा दोष पोरांचा नाही, सांगणाऱ्यांचा आहे.

१

वतन म्हणजे काय होतं ते आधी समजून घ्या. १८७४ च्या वतन कायद्यानं महाराची चाकरी वंशपरंपरागत करून टाकली. सांगावा न्यायचा, सरकारी माणसाचं ओझं वाहायचं, शिवेवर राखण करायची, मेलेलं ढोर ओढायचं, मयताची खबर परगावी पोचवायची. दिवस नाही, रात्र नाही. त्याच्या बदल्यात थोडी जमीन, गावाकडनं बलुतं आणि दारोदार भाकरी. चाकरी एकाची नसे, सगळ्या महारवाड्याची असे. एका वर्षी या घरची पाळी, दुसऱ्या वर्षी त्या घरची. म्हणून जमीनही कुणा एकाच्या नावची नव्हती. सगळ्या भावकीची मिळून होती.

माझी आजी सांगायची, ‘जमीन व्हती पन तिच्यावर उभं राह्यला सवड नव्हती. पेरनीच्या वक्ताला येसकराला हाक यायची.’ घरचा गडी गावकीत आणि शेत बाईच्या अंगावर. नांगराला बैल नाही म्हणून कुणा गाववाल्याला निम्म्यानं लावायचं. पहिल्यांदा निम्मं पीक गेलं, मग सगळं पीक गेलं, मग जमीन गेली. कागदावर नाव मात्र आमचंच राहिलं.

बाबासाहेबांनी या वतनाचं मर्म ओळखलं. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. त्यातली गोष्ट साधी होती. महाराला चाकरी सोडता यावी, आणि चाकरी सोडली तरी पूर्ण सारा भरून जमीन त्याच्याकडं राहावी. विधेयक अडवलं गेलं. १९२९ साली त्यांना ते मागं घ्यावं लागलं. पण मुद्दा लक्षात ठेवा. बाबासाहेबांना गुलामी सोडायची होती, जमीन सोडायची नव्हती. आपल्यातले काही शिकलेले म्हणतात, बाबासाहेबांनी खेडं सोडा म्हटलं, मग शेती कशाला? त्यांनी हे विधेयक एकदा वाचावं.

वतन गेलं ते बाबासाहेब गेल्यानंतर. कनिष्ठ गाव वतनं नष्ट करणारा कायदा १९५८ चा, आणि त्याचा अंमल सुरू झाला १९५९ साली. जमीन सरकारजमा झाली आणि ठरलेली रक्कम भरणाऱ्या वतनदाराला नव्या शर्तीनं परत देण्याची तरतूद झाली. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकायची नाही, तोडायची नाही. शर्त चांगली होती. पण रक्कम भरायला पैसा कुणाकडं होता? आमच्या आळीची रक्कम गावातल्या एका बड्या शेतकऱ्यानं भरली. उपकार म्हणून नाही. ‘तोवर मी कसतो,’ म्हणाला. तो ‘तोवर’ अजून संपलेला नाही.

२

आता सहकारी शेतीकडं येतो. पुष्कळांना वाटतं हे खूळ काँग्रेसचं किंवा रशियाचं. नाही. आपल्याकडं बाबासाहेब ते फार आधीपासून मांडत होते.

१९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतांवर निबंध लिहिला. लोक म्हणत होते, शेताचे तुकडे पडले म्हणून दारिद्र्य आलं. बाबासाहेबांनी उलटा प्रश्न विचारला. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर कसं ठरेल? त्यावर किती भांडवल, किती अवजारं, किती माणसं आहेत ते बघा. फार माणसं बिनकामाची शेतीवर पडून आहेत, त्यांना उद्योगात काम द्या, म्हणजे जमिनीवरचा भार हलेल. पुढं ऑक्टोबर १९२७ मध्ये कौन्सिलात तुकडेबंदीचं बिल आलं. तुकडे जोडायचे आणि एकाच्या हाती द्यायचे, असा त्याचा रोख होता. बाबासाहेब उभे राहिले. असं केलंत तर उरलेले भाऊ भूमिहीन होतील, हे त्यांनी दाखवलं आणि दुसरी वाट सांगितली : मालकी ज्याची त्याच्याकडं राहू द्या, कसणं मात्र सहकारानं एकत्र करा.

हे वाचताना मी थांबलो. आमच्या सातबाऱ्यावरची चौदा नावं डोळ्यापुढं आली. आमच्या बैठकीतला प्रश्न बाबासाहेबांनी १९२७ सालीच सोडवून ठेवला होता.

वीस वर्षांनी, १९४७ साली, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे त्यांनी घटना समितीपुढं ठेवण्यासाठी निवेदन तयार केलं. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावानं ते आपल्याला माहीत आहे. त्यात ते पुष्कळ पुढं गेले. शेती हा सरकारी उद्योग करा. जमीन सरकारनं ताब्यात घ्यावी, मालकांना मोबदल्याचे रोखे द्यावेत. ठराविक आकाराची शेतं पाडावीत आणि ती गावच्या कुटुंबांच्या गटांना सामुदायिकपणे कसायला द्यावीत. जमीन देताना जात, पंथ बघू नये. कुणी जमीनदार उरू नये, कुणी कूळ उरू नये, कुणी भूमिहीन मजूर उरू नये. पाणी, बैल, अवजारं, खत, बियाणं सरकारनं पुरवावं. सारा आणि इतर देणी भागवून उरलेलं पीक कसणाऱ्यांनी ठरल्याप्रमाणं वाटून घ्यावं. आणि हे सगळं घटनेतच लिहून टाकावं, म्हणजे उद्या येणाऱ्या बहुमताला ते पुसता येणार नाही.

घटनेत ते आलं नाही. का आलं नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. घटना समितीत बसलेल्यांकडं जमिनी होत्या.

३

नाशिक जिल्ह्यानं हा विचार पायावर चालवला तो दादासाहेब गायकवाडांच्या रूपानं. दिंडोरी तालुक्यातलं आंबे हे त्यांचं गाव. जन्म १५ ऑक्टोबर १९०२. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा बाबासाहेबांच्या मागं नाशिकची फळी त्यांनी उभी केली. १३ ऑक्टोबर १९३५ च्या येवल्याच्या परिषदेतही ते होते. पण दादासाहेबांचा जीव खेड्यातल्या भूमिहीनात होता. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष झाला, त्याच साली ते नाशिकमधून लोकसभेवर गेले. १९५९ साली त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. पडीक जमीन, गायरान, जंगलाकडेची जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा, ही मागणी. दुसरा मोठा लढा ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, देशभर सुरू झाला आणि १९६५ च्या सुरुवातीपर्यंत चालला. तीन लाखांवर माणसं तुरुंगात गेली, असं त्या लढ्यातले लोक छाती पुढं काढून सांगत आले.

माझा बाप त्यातला एक. मी सात वर्षांचा होतो. आई म्हणाली, बाप जमीन आणायला गेलाय. मला वाटलं पाटीत घेऊन येईल.

याच काळात आपल्यात काय चाललं होतं तेही लिहिलं पाहिजे. पक्ष फुटला. एका बाजूला दादासाहेब, दुसऱ्या बाजूला शिकलेले, शहरातले वकील पुढारी. त्यांचं म्हणणं, जमिनीचा लढा म्हणजे कम्युनिस्टांच्या नादी लागणं. लोकांनी त्याला नाव दिलं : धोतरवाले आणि सूटबूटवाले. भांडण वरच्यांचं, पण फळ खालच्यांनी भोगलं. १९७१ च्या डिसेंबरात दादासाहेब गेले. त्यानंतर जमिनीचा प्रश्न आपल्या सभांमध्ये भाषणाच्या शेवटी, वेळ उरला तर, येऊ लागला.

४

बाप तुरुंगातून परत आला तो एक कल्पना घेऊन. तिथं त्याला नगरचा कुणी सोबती भेटला होता. दोघांनी ठरवलं, सरकार पडीक देईल तेव्हा देईल, आधी आपला हाडवळा एकत्र करायचा. लिंबाखाली बैठक बसली. बेत असा : अकरा एकराचे वाटे पाडायचे नाहीत. संयुक्त शेती संस्था काढायची. दर घरानं एक गडी नाहीतर एक बाई द्यायची. हजेरीची वही ठेवायची, कामाची मजुरी द्यायची. गडी आणि बाईला एकच भाव. कर्ज काढून विहीर खणायची.

ही संस्था झाली नाही. का झाली नाही ते नीट सांगतो, कारण आपल्या कामाचं तेच आहे.

पहिलं, जमीन ताब्यात नव्हती. रक्कम भरणारा शेतकरी हिशेब दाखवीना. दुसरं, कागद. कचेरीत सांगितलं, मयतांचे वारस लावून आणा. एका वारसासाठी चार हेलपाटे, हेलपाट्याला एक दिवसाची मजुरी बुडते. तिसरं, आमच्यातले नोकरदार. कुणी गिरणीत, कुणी नाशिकरोडच्या छापखान्यात. ते म्हणाले, ‘शेतीत काय ठेवलंय?’ त्यांचं खोटं नव्हतं. गावातली हाक चुकवूनच ते माणसात आले होते. पण सह्या त्यांच्याच लागत होत्या.

चौथं कारण लिहिताना हात अडखळतो. गावात मांगाचं एक घर होतं. त्या माणसानं बापाला म्हटलं, ‘मला बी घ्या. माझी एक एकर धरा, दोन मानसं राबतील.’ लिंबाखाली दोन रात्री वाद झाला. निकाल लागला, नको. दीक्षा घेऊन नऊ वर्षं झाली होती. आम्ही बौद्ध झालो होतो आणि मांगाचा बांध आमच्या बांधाला जोडायला तयार नव्हतो. बाबासाहेबांनी १९४७ साली लिहून ठेवलं होतं, जमीन देताना जात बघू नका. ते आमच्या लिंबाखाली कुणी वाचलेलं नव्हतं. बाप पुढं म्हणायचा, ‘सावकारानं आर्धी संस्था मोडली, आर्धी आम्ही मोडली.’

५

आमची संस्था कागदावर आली नाही. त्याच वर्षांत राज्यात आणि देशात सहकारी शेतीच्या शेकडो संस्था नुसत्या कागदावरच होत्या.

जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसनं संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. लगेच बड्या जमीनवाल्यांनी हाकाटी केली, जमिनी बुडाल्या! त्याच साली स्वतंत्र पक्ष निघाला. काँग्रेसच्या आतूनही चरणसिंगांसारखे नेते विरोधात उभे राहिले. तरी तिसऱ्या योजनेत देशभर ३२० पथदर्शक प्रकल्प आणि प्रत्येकात १० संस्था असा आराखडा झाला. पुढं १९६५ साली धनंजयराव गाडगीळांच्या समितीनं या कामाची पाहणी केली. चौकश्यांतून जे निघालं ते खेड्यातल्या माणसाला आधीच माहीत होतं. पुष्कळ संस्था कूळकायद्यातून आणि कमाल धारणेतून जमीन वाचवण्यासाठी काढलेल्या. सभासद कोण? भाऊ, मेहुणा, जावई, आणि शोभेला एखादा गडी. अनुदान मालकाला, राबणं गड्याला. जिथं खरोखर भूमिहीन एकत्र आले तिथं जमीन दिली ती खडकाळ, आणि कर्ज मिळालं ते पेरणी सरल्यावर.

मग महाराष्ट्रात सहकार फळलाच नाही काय? फळला. प्रवरेचा साखर कारखाना १९५० पासून उभा आहे, आपल्या जिल्ह्यातही कारखाने निघाले. पण त्या सहकारात शिरायला शेअर लागतो, शेअरला ऊस लागतो, उसाला जमीन आणि पाणी लागतं. ऊस तोडणारा त्या सहकाराचा सभासद नसतो. १ एप्रिल १९५७ ला कसेल त्याची जमीन झाली तेव्हाही हेच घडलं. कायद्यानं कूळ मालक झालं. महार-मांग कूळ नव्हतेच, ते मजूर होते. दुसऱ्याच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या कसलं, पण ‘कसेल तो’ या शब्दात ते बसले नाहीत.

६

तरी एक गाव असं आहे जिथं हे होऊन दाखवलं गेलं. सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यात, कृष्णेच्या काठी म्हैसाळ. तिथल्या दलितांच्या जमिनींची हकीगत आमच्यासारखीच : नाव त्यांचं, ताबा सावकाराचा. १९६९ साली मधुकर देवल यांच्या पुढाकारानं श्री विठ्ठल संयुक्त सहकारी शेती संस्था निघाली. गहाण पडलेल्या जमिनी सोडवल्या, एकत्र केल्या, बँकेचं कर्ज घेऊन पाणी आणलं. द्राक्षाच्या बागा लावल्या. ज्यांचे बाप दुसऱ्याच्या मळ्यात रोजानं जात होते ती माणसं स्वतःच्या संस्थेच्या हजेरीवर आली.

देवल आपल्या चळवळीतले नव्हते. त्यांचा विचार आपला विचार नव्हे. म्हणून आपल्या लोकांनी म्हैसाळचं नाव फारसं घेतलं नाही. मला ही चूक वाटते. म्हैसाळनं दोन गोष्टी सिद्ध केल्या. दलितांना शेती जमत नाही हे खोटं. आणि तुकडा तुकडा मिळून मोठं शेत झालं की बँक दारात उभं करते, एकट्याला करत नाही. पण म्हैसाळकडं बघून एक प्रश्नही पडतो : पुढाकार बाहेरच्या माणसाचा असेल तर तो गेल्यावर हिशेबाची वही कुणाच्या हातात? म्हैसाळचा धडा घ्यायचा तो असा. वही आपल्या पोरांना लिहिता आली पाहिजे.

दुसरं उदाहरण पाण्याचं. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. तिथला नियम, पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, माणशी. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. आमच्या जिल्ह्यात, दादासाहेबांच्याच दिंडोरी तालुक्यात, वाघाड धरणाचं पाणी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था स्वतः वाटून घेतात. काम चोख आहे, देश ते बघायला येतो. पण तिथं पाणी जमिनीच्या मागं जातं. ज्याला जमीन नाही त्याला वाटा नाही. सहकार दोन्हीकडं आहे. दोन नियमांत अंतर केवढं आहे ते बघा.

तिसरं उदाहरण आजचं आणि आपल्या माणसांचं. पंजाबात १९६१ च्या कायद्याच्या आधारानं गावच्या सामायिक शेतजमिनीपैकी तिसरा हिस्सा अनुसूचित जातींना खंडानं देण्याचा नियम आहे. वर्षानुवर्षं लिलावात दलिताचं नाव पुढं करून जमीन बडा जमीनदारच घ्यायचा. २०१४ पासून संगरूर भागातल्या दलितांनी जमीन प्राप्ती संघर्ष समितीच्या झेंड्याखाली ही लबाडी मोडायला घेतली. लाठ्या खाल्ल्या, जेलात गेले. बालद कलां आणि आसपासच्या गावांत जमीन मिळवली आणि मिळून कसली. बायांना त्यात मोठी गोष्ट वाटली ती चाऱ्याची. गवताच्या भाऱ्यासाठी जमीनदाराच्या बांधावर जाऊन शिव्या खायचं बंद झालं. आमच्या आजीला हे एका वाक्यात कळलं असतं.

७

आता आमच्याकडं काय आहे ते बघा. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. २००४ पासून दादासाहेबांच्याच नावानं योजना आहे : अनुसूचित जातीच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. योजना घ्यावी, सोडू नये. पण तिच्यात दादासाहेबांचं नाव आहे, बाबासाहेबांचं १९४७ सालचं म्हणणं नाही. चार एकर जिरायत, एकट्याच्या अंगावर. बैल नाही, पाणी नाही, पत नाही. पुन्हा निम्म्यानं लावायची पाळी, म्हणजे माझ्या आज्याची गोष्ट पहिल्यापासून.

म्हणून मित्रांनो, माझं म्हणणं फार मोठं नाही. प्रत्येकानं आपल्या गावच्या महारवतनाचा सातबारा काढावा. नुसता आजचा नाही, जुने फेरफार काढावेत, १९५९ च्या आधीचे आणि नंतरचे. कुणी, कधी, कशाच्या जोरावर नाव लावलं ते वहीत उतरवावं. मयतांचे वारस लावावेत आणि वारस लावताना लेकीबाळींची नावं सोडू नयेत. जमीन कोण कसतो, किती साली घेतली, काय दिलं, हे म्हाताऱ्यांकडून लिहून घ्यावं, कारण म्हातारे थांबत नाहीत. आणि संस्था काढाल तेव्हा मांगाला, चांभाराला, भिल्लाला, गावातल्या कुठल्याही भूमिहीनाला दार उघडं ठेवावं.

बैठकीत मी हेच बोलणार आहे. मला ठाऊक आहे, सगळे ऐकणार नाहीत. दलालाच्या पैशात कुणाचं पोरीचं लग्न आहे, कुणाचं दवाखान्याचं देणं आहे. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण चौदा नावांपैकी पाच घरं जरी म्हणाली, आमचा वाटा प्लॉटात नको, एकत्र राहू द्या, तरी तेवढ्या जमिनीवर वही सुरू करता येईल. पाच घरं कमी पडली तर त्या मांगाचा नातू गावात आहे. त्याच्याकडं मी बैठकीच्या आधी जाणार आहे. साठ वर्षं उशीर झाला, हे त्याला आधी सांगेन. मग विचारेन.

जयभीम.